अक्षरांचे स्थलांतर : मोडीपासून युनिकोडपर्यंत

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर सिरुसेरी हे गाव आहे. तेथील सिपकॉट उद्यानात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे विस्तीर्ण संकुल उभे आहे. मराठी शाळांतून शिकलेले तरुण नोकरीनिमित्त ज्या उद्योगात शिरतात, त्याचे हे एक मोठे केंद्र. या उद्योगातील एक काम बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते. ते म्हणजे जुन्या संगणकांतील माहिती नव्या संगणकांना वाचता येईल अशा रूपात आणणे. आपल्या भाषेच्या अलीकडच्या इतिहासाशी या कामाचे जवळचे नाते आहे.

संगणकात प्रत्येक अक्षर म्हणजे एक अंक. १९६३ साली निघालेल्या 'आस्की' या अमेरिकन प्रमाणात इंग्रजी मोठ्या 'ए'चा अंक ६५. आयबीएमने १९६४ च्या सुमारास रूढ केलेल्या 'एब्सिडिक' पद्धतीत तोच १९३. म्हणून एका पद्धतीतील फाइल दुसरीत नेताना २५६ ओळींचे एक कोष्टक करावे लागते : डावीकडे जुना अंक, उजवीकडे नवा. तथापि सारीच फाइल या कोष्टकातून काढून चालत नाही. एब्सिडिक फाइलींत रकमा पुष्कळदा अक्षररूपात नसून आवळून भरलेल्या संख्यांच्या रूपात असतात. त्यांना कोष्टक लावले तर नाव शुद्ध उमटते आणि रक्कम बिघडते.

असे लिप्यंतर मराठीला नवे नाही. याच तामिळ भूमीत भोसल्यांचे राज्य होते आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रे आजही आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. बाळबोधीत उतरवणाऱ्याला तो संदर्भावरून भरावा लागतो. अक्षरास अक्षर लावून भागत नाही, हा धडा आपल्याला तेव्हाच मिळाला होता.

संगणकयुगात भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाले. त्यात 'क'चा अंक १७९. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ते रुजवण्यासाठी मोठे कार्य केले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली होती. मात्र छपाईच्या व्यवहारात वर्षानुवर्षे चालले ते श्रीलिपी, आकृती यांसारखे फॉन्ट. प्रत्येकाचे अंक निराळे. एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. शेजारच्या तमिळनेही हेच भोगले : चेन्नईत १९९९ साली 'टॅब' व 'टॅम' ही प्रमाणे ठरली आणि २०१० साली तमिळनाडू शासनाने युनिकोड स्वीकारले.

फॉन्टमधील मराठी युनिकोडमध्ये आणणे एब्सिडिकपेक्षा अवघड, कारण तेथे क्रमही बदलतो. 'शिक्षण' या शब्दात फॉन्टमधील ऱ्हस्व वेलांटी 'श'च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती 'श'नंतर येते. 'कीर्ती'तील रफार फॉन्टमध्ये शेवटी असतो, तर युनिकोडमध्ये 'त'च्या आधी. म्हणून कोष्टकाला क्रम लावण्याच्या नियमांची जोड द्यावी लागते.

त्यात मराठीची स्वतःची अक्षरे सांभाळावी लागतात. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोवर 'अ'वर चंद्र देऊन ते दोन अंकांत लिहिले जाई. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील भेद तर केवळ 'र'च्या रूपाचा. कोष्टकात अर्ध्या 'ऱ्'ची एक ओळ राहून गेली, तर स्वयंपाकघरातील मंडळी गुरुजनांच्या पंक्तीत जाऊन बसतात! कोष्टक करणाऱ्याला मराठी येत नसेल, तर ही चूक त्याच्या डोळ्यांना दिसणारही नाही. म्हणून जाणकार दोन पथ्ये पाळतात. कोष्टकात न सापडलेला अंक गाळून न टाकता त्याची नोंद ठेवतात. आणि रूपांतरित मजकूर उलट दिशेने पुन्हा जुन्या रूपात नेऊन मूळ फाइलशी ताडून पाहतात.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने हे सांगण्याचे कारण असे की, गेल्या तीन-चार दशकांत शाळाशाळांतील स्मरणिका, निकालपत्रके आणि विद्यार्थ्यांचे लेख अशाच जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित झाले. ते अजून वाचवता येतील. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशा फाइली असतील, त्यांनी मूळ प्रत पुसू नये, फॉन्टचे नाव लिहून ठेवावे आणि शक्य तर फॉन्टही जपावा. फॉन्ट हरवला तर कोष्टक कशावरून करायचे हाच प्रश्न उरेल. जे माजी विद्यार्थी आज संगणकक्षेत्रात आहेत, त्यांच्याजवळ या कामाचे तंत्रही आहे आणि शाळेने दिलेले मराठीही. ही दोन्ही एकाच माणसाजवळ असणे दुर्मीळ आहे. म्हणून हे काम त्यांनीच हाती घ्यावे.