जुन्या घराची कुंडली



बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही बंद झाली की बोलणं हमखास घरावर येतं. भाड्याच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपत आलेला असतो, मुलं मोठी होत असतात, नव्या टॉवरमधलं घर परवडत नाही. मग कुणीतरी सांगते, "अगं, भाईंदरला जुन्या बिल्डिंगमध्ये वन रूम किचन स्वस्तात मिळतंय, फक्त थोडं काम काढावं लागेल." हे थोडं काम नेमकं किती आणि कसलं, हे कळायला आपल्या शहरातली घरं कधी आणि कशी उभी राहिली ते ठाऊक असावं लागतं. म्हणून आज तो इतिहास सांगतो.

मीरा-भाईंदर हे नाव आपण आज एका दमात घेतो. मुळात ही वेगवेगळी गावं. भाईंदर, नवघर, खारी, मिरे, काशी, घोडबंदर, राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन. एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मध्ये भातशेती नि मिठागरं. आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची ही वस्ती. त्या काळी घर विकत घ्यायची वस्तू नव्हती. घर बांधायचं, मुलाचं लग्न झालं की एक खोली वाढवायची, पावसाळ्याआधी कौलं चाळून घ्यायची. जुनं घर राखणं हे घरातल्यांचंच काम होतं.

घर विकत घेण्याची गोष्ट आपल्याकडे आली ती मुंबईमुळे. १९४७ साली मुंबई इलाख्यात भाडे नियंत्रण कायदा आला. भाडेकरूला संरक्षण मिळालं, पण भाडी गोठली आणि भाड्यासाठी चाळी बांधणं मालकांना परवडेनासं झालं. पागडी बोकाळली. मग लोक मालकीच्या घराकडे वळले. सहकारातून घर ही कल्पना तशी जुनी. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ सालीच गृहनिर्माण सोसायटी काढली होती. पण सामान्य माणसासाठी दार उघडलं ते १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा ओनरशिप फ्लॅटचा कायदा, ज्याला आपण मोफा म्हणतो, या दोन कायद्यांनंतर.

मुंबईत जागा महाग झाली तशी माणसं रेल्वेच्या रुळाने उत्तरेला सरकली. बोरिवली, दहिसर, आणि मग मीरा रोड, भाईंदर. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्यात कामं गेली, आणि गिरणगावातली अनेक कुटुंबं दहा बाय बाराची खोली सोडून उपनगरांपलीकडे आली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली बरीच मुस्लिम कुटुंबं मीरा रोडला आली. प्रत्येकाची कारणं वेगळी, पण स्वप्न एकच होतं, आपल्या नावाचं दार.

या स्वप्नाची दखल देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. मीरा रोडचं शांतीनगर आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते उभारणाऱ्या शांतिस्टार बिल्डर्सच्या नावाने ओळखला जाणारा एक खटला आहे. नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्यातून सूट घेऊन दुर्बल घटकांसाठी जी घरं बांधायची, ती खरोखर त्यांना मिळतात का आणि कोणत्या भावाने, हा त्यातला प्रश्न. ३१ जानेवारी १९९० ला निकाल देताना न्यायालयाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात राहण्याजोगं घरही येतं. आज निवाऱ्याच्या हक्काबद्दल बोलताना वकील या निकालाचा दाखला देतात.

आता आपल्या कामाचा भाग. १९८५ साली इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत आपण पाच लाखांवर होतो, २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर. म्हणजे शहर आधी वाढलं आणि शहराचा कारभार मागून आला. त्यामुळे कुठली इमारत ग्रामपंचायतीच्या परवानगीवर उभी आहे, कुठली नगरपरिषदेच्या. कुठे भोगवटा दाखला आहे, कुठे तो कधी घेतलाच नाही. मोफा कायद्यात लिहिलंय की सोसायटी नोंदली गेली की साधारण चार महिन्यांत बिल्डरने जमिनीसह इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची, म्हणजे कन्व्हेयन्स करायचं. कित्येक ठिकाणी ते तीस-तीस वर्षं झालं नाही. म्हणून २००८ मध्ये कायदा बदलून मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बिल्डर करून देत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते.

जुन्या करारांचंही तसंच. १० डिसेंबर १९८५ च्या आधीचे फ्लॅटचे करार किरकोळ किमतीच्या स्टॅम्प पेपरवर व्हायचे. त्यानंतर करारावर पूर्ण मुद्रांक शुल्क लागू झालं. पण लोकांच्या सवयी एका दिवसात बदलत नाहीत. त्यामुळे आजही जुन्या घराची फाईल उघडली की मधलाच एखादा करार गायब असतो. बिल्डरकडून पहिल्याने घेतलं, पहिल्याकडून दुसऱ्याने, दुसऱ्याकडून तिसऱ्याने, ही साखळी तुटली की बँक कर्जाला नाही म्हणते. घरपट्टीची पावती पुढे केली तरी उपयोग नसतो, कारण घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध होत नाही.

आणि भिंती? जिथे मीठ पिकायचं तिथे हवेतही मीठच. सिमेंटमध्ये ओल आणि खार शिरला की आतली सळई गंजते. गंजलेली सळई फुगते, फुगली की वरचं काँक्रीट फोडते. छताचे पोपडे पडतात ते यामुळे. त्यावर नुसता गिलावा आणि रंग मारणं म्हणजे जखमेवर पावडर लावणं. सुटलेलं काँक्रीट काढून, सळई घासून, तिला गंजरोधक लावून मग भरायचं असतं.

आमच्या कुटुंबाने घर शोधलं तेव्हा दोन घरं समोर होती. एक नुकतंच रंगवलेलं, पीओपी केलेलं, चकाचक. दुसऱ्याच्या मोरीला गळती, खिडक्या गंजलेल्या, ओट्याखाली वाळवी. सासूबाईंना पहिलं आवडलं होतं. पण तिथे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागितला तेव्हा कुणी दाखवेना, आणि मधला एक करार मिळेना. तीस वर्षांपुढच्या इमारतीची संरचना तपासून घेणं महापालिका कायद्याने सोसायटीवर बंधनकारक आहे. दुसऱ्या घराच्या सोसायटीने अहवाल लगेच हातात दिला. इमारत सी-२ बी होती. म्हणजे दुरुस्ती हवी, पण रिकामी करायची गरज नाही. सी-१ असती तर तातडीने खाली करावी लागली असती, आणि सी-२ ए असती तर दुरुस्तीपुरतं बाहेर राहावं लागलं असतं. करारांची साखळी पूर्ण होती, भोगवटा दाखला होता. सासूबाईच म्हणाल्या, "गळकं चालेल, लटकं नको." आम्ही ते गळकं घर घेतलं.

काम काढताना दीर म्हणाला, मधली भिंत पाडू म्हणजे हॉल मोठा होईल. इंजिनिअरने नाही सांगितलं, कारण इमारतीचा भार त्या भिंतीवरच होता. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साईसिद्धी इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांचं कारण तेव्हा पुढे आलं होतं. आपल्या घरातली भिंतसुद्धा आपल्या एकट्याची नसते, वर-खाली राहणाऱ्यांचीही असते. आमचा हॉल लहानच राहिला.

शेवटची गोष्ट नावाची. १९९४ साली महाराष्ट्राने कायदा करून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क दिला. सगळ्या देशात तो २००५ ला आला. १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावे घेतलं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. चाळीस लाखांच्या घरावर हे चाळीस हजार रुपये झाले. जुन्या घरात तेवढ्यात मोरी आणि संडासाचं वॉटरप्रूफिंग निघतं. सोबत पुरुषाचं नाव घातलं की ही सूट जाते. आमच्या घरात यावर दोन रात्री बोलणं झालं. शेवटी करार सासूबाईंच्या आणि सुनेच्या नावे झाला. कर्जाच्या अर्जावर मात्र मुलाची सही आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, जुनं घर बघायला जाताना रंग बघू नका. करारांची साखळी, भोगवटा दाखला, कन्व्हेयन्स, ऑडिटचा अहवाल, सोसायटीची थकबाकी आणि पाणी दिवसातून किती वेळ येतं, एवढं आधी विचारा. मोजमापाला टेप नेतो तशी एक वही न्या आणि मिळालेलं उत्तर तिथेच लिहा. बयाणा देण्याआधी ती वही गटाच्या बैठकीत आणा. कर्जाचा अर्ज जसा आपण सगळ्याजणी मिळून वाचतो, तशीच घराची फाईलही मिळून वाचू.