तोफेचा नांगर झाला : किर्लोस्करवाडीच्या ओतशाळेचा इतिहास

भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे मानवास शिकविली, अशी जैन परंपरेची श्रद्धा आहे. यांपैकी वाणिज्य जैन समाजाने पिढ्यान् पिढ्या जोपासले. धातू वितळविण्याच्या व्यवसायापासून मात्र हा समाज बहुधा दूर राहिला. त्यास शास्त्राधार आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म प्रथम येते. आचार्य हेमचंद्रसूरींनी योगशास्त्रात कुंभार, लोहार, सोनार व तांबट यांच्या भट्ट्यांची गणना त्यातच केली आहे. अग्निकाय जीवांची विराधना हे त्याचे कारण.

तथापि देरासरात नित्य प्रक्षाळ होणारी पंचधातूची प्रतिमाही भट्टीतूनच साकार होते. बडोद्याजवळील अकोटा येथे सापडलेल्या प्राचीन जैन धातुप्रतिमा पाहून आजही कलाअभ्यासक थक्क होतात. भट्टीपासून दूर राहूनही भट्टीचे ऋण समाजावर आहेच. म्हणूनच महाराष्ट्रातील एका कौटुंबिक ओतशाळेचा इतिहास या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी स्मरणे उचित ठरेल.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काही वर्षे अध्यापन केले. पुढे बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगाव येथे त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. या बंधुप्रेमातूनच ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव रूढ झाले. कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर ही त्यांची आरंभीची उत्पादने होत. लोखंडामुळे जमीन विषारी होते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. त्यामुळे पहिला नांगर विकण्यास तब्बल दोन वर्षे लागली! माल तयार आहे, भांडवल अडकले आहे आणि गिऱ्हाईक फिरकत नाही, ही अवस्था काय असते हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

१९१० च्या आरंभी बेळगावातील जागा सोडणे भाग पडले. तेव्हा औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावले. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळील ३२ एकर माळरान आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी तेथे पहारेकरी नेमले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला.

ओतकाम हे मोठे संयमाचे काम. प्रथम लाकडी नमुना घडवावयाचा, तो ओलसर वाळूत दाबून साचा तयार करावयाचा. भट्टीत कोळसा, लोखंड व चुनखडी यांचे थर रचावयाचे. सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला बीड वितळते. तो रस साच्यात ओतून थंड होईपर्यंत थांबावयाचे. वाळूत ओल अधिक राहिली तर वाफ कोंडून वस्तूत पोकळी पडते. तो दोष बरेचदा साचा फोडल्यावरच, किंबहुना कातकामाच्या वेळी उघड होतो. सदोष नग पुन्हा भट्टीत टाकता येतो; खर्ची पडलेले श्रम व कोळसा मात्र परत येत नाहीत. तरीही तो नग गिऱ्हाइकाच्या माथी न मारता भट्टीत परत टाकणे यातच ओतशाळेची पत असते.

पहिल्या महायुद्धात लोखंडाची तीव्र टंचाई झाली. त्या वेळी कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी पन्हाळगडावरील जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. ज्या धातूने एके काळी माणसे मारली, तोच वितळून काळ्या जमिनीतील हरळी व कुंदा उपटू लागला. गृहस्थाला उद्योगी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, संकल्पी हिंसा मात्र त्याने त्यागावयाची असते, असा विवेक जैन आचार्यांनी सांगितला आहे. भट्टीचा अग्नी तोच. त्यातून काय ओतावयाचे हे माणसाच्या हाती असते.

१९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचीही मोठी हानी झाली. तेथून कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणरावांचे १९५६ मध्ये निधन झाले, तोपर्यंत शंतनुरावांच्या रूपाने पुढील पिढीने धुरा स्वीकारली होती.

सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांचाही या क्षेत्राशी संबंध आला. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये सातारा रोड येथे स्थापन केलेला कारखाना १९४० मध्ये वालचंद समूहाकडे आला. त्याचाही आरंभ लोखंडी नांगरांपासूनच झाला होता. पारशी कुटुंबाने पेटविलेली भट्टी जैन कुटुंबाने पुढे सांभाळली.

पोलादपूरच्या नावात पोलाद असले, तरी या ओतशाळा सह्याद्रीच्या पलीकडे वाढल्या. महाड-पोलादपूरच्या भातखाचरांत लाकडी नांगरच दीर्घकाळ फिरला आणि येथील जैन बांधव कापड, किराणा, सराफी यांत स्थिरावले. परंतु पेढी असो, ओतशाळा असो वा ट्रस्ट असो, नियम एकच. मागील पिढीने दिलेले भांडवल ही ठेव असते, मालकी नव्हे. दोष दिसताच तो झाकून न ठेवता पुन्हा भट्टीत घालण्याचे धैर्य ज्यांच्या अंगी असते, त्यांचीच संस्था पुढील पिढीच्या हाती अखंड जाते. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या या ट्रस्टच्या नव्या विश्वस्तांस हे धैर्य लाभो, हीच शासनदेवाचरणी प्रार्थना.