मातला नदीकाठची जमीन

इतिहास शिकविणाऱ्या माणसाकडे लोक सहसा सल्ला मागावयास येत नाहीत. लग्नाचा मुहूर्त भटजींना विचारावा, दुखणे वैद्यांना सांगावे, घरादाराचा कागद वकिलांना दाखवावा; मास्तरांना फार तर पानिपतचे साल विचारावे. त्यामुळे गेल्या पौषात माझा भाचा डोंबिवलीस माझ्याकडे आला आणि "मामा, एका व्यवहारात तुमचे मत हवे आहे" असे म्हणाला, तेव्हा मला क्षणभर संकोचच वाटला.

व्यवहार असा होता. अरबस्तानच्या आखाती किनाऱ्यावर समुद्रात भर घालून एक नवी वसाहत उभारली जात आहे आणि तेथील भूखंड परदेशी माणसासही विकत मिळतात. ठाण्यातील एका हॉटेलात त्या वसाहतीचे प्रदर्शन भरले होते. तेथून भाच्याने एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका आणली होती. तीत निळे पाणी, पांढरी घरे आणि खजुरीची झाडे. पहिल्या हप्त्याचा पैसा उभा करावयाचा तो मुरबाड रस्त्याकडील भाताचे शेत विकून. हे शेत माझ्या बहिणीच्या नावावर आहे. तिचे यजमान गेल्यापासून वर्षाचे तांदूळ आणि थोडाबहुत खंड एवढीच काय ती तिची स्वतःची म्हणावी अशी मिळकत. ती कल्याणास पारनाक्यावर राहते. तिला विचारले तर "तो म्हणेल ते" ह्यापलीकडे ती बोलेना.

भाच्याने नियमांची माहिती नीट काढली होती, हे कबूल केले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीस अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते, आणि तीतून तेथे स्थावर घेता येते. दहा लाख रुपयांवरील रकमेवर वीस टक्के कर आधी कापून घेतात. तो पुढे विवरणपत्रात वळता होतो. हा हिशेब त्याने मला पाठ म्हणून दाखविला. मी म्हणालो, "परवा रविवारी आपण ताईकडे जमू. तोवर मला माझ्या जुन्या वह्या काढू दे."

कारण मुंबई इलाख्यातील माणसाने कधीही न पाहिलेल्या किनाऱ्यावरील जमिनीत पैसा घालावा, हा काही पहिला प्रसंग नव्हे. ती जुनी हकीकत मी वर्गात अनेकदा सांगितली होती. घरात सांगण्याची वेळ मात्र प्रथमच आली.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून उपाशी राहू लागल्या आणि त्यांचे डोळे मुंबईकडे लागले. ह्या कथेत आपल्या कल्याणचाही वाटा आहे. आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास आली आणि १ मे १८५४ रोजी कल्याणास. बोरघाटाचा रस्ता १८६३ साली आणि थळघाटाचा १८६५ च्या आरंभी खुला झाला. ह्या दोन्ही वाटा कल्याणास येऊन मिळतात. म्हणजे देशावरचा आणि खानदेशचा कापूस ह्याच स्टेशनातून बंदराकडे गेला. भाव इतके चढले की लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला जुना कापूसही विकला, असे त्या काळच्या हकीकतींत सांगितलेले आहे.

एवढा पैसा आला तो ठेवावयाचा कोठे? नव्या बँका निघाल्या, नव्या कंपन्या निघाल्या; आणि सर्वांत मोहक ठरली ती अद्याप अस्तित्वातच नसलेली जमीन. मुंबई बेटाच्या पश्चिमेस जो उथळ उपसागर आहे, ज्यास बॅक बे म्हणतात, तो भरून काढण्यासाठी कंपनी स्थापन झाली. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. तेथे तेव्हा भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल होता. प्रेमचंद रायचंद ह्यांचे नाव त्या दिवसांत मंत्रासारखे घेतले जाई. ज्या कंपनीस त्यांनी हात लावला तिचा भाव चढलाच म्हणून समजावे. बँका शेअर तारण ठेवून कर्ज देत आणि त्या कर्जाने लोक आणखी शेअर घेत.

मुंबईचा समुद्र अपुरा पडला तेव्हा दलालांनी थेट बंगालकडे हात पोहोचविला.

कलकत्त्यास जी हुगळी नदी आहे ती गाळाने भरत चालली आहे, मोठी जहाजे पुढे येऊ शकणार नाहीत, अशी तेथील व्यापाऱ्यांना धास्ती होती. आम्हा कल्याणकरांना ही धास्ती नवी नाही. कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे कान्हेरीच्या शिलालेखांत आहेत. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतले आणि पुढे ह्याच खाडीत आरमाराचा पाया घातला. परंतु दुर्गाडीच्या पायथ्याशी उभे करून, येथे समुद्रात जाणारी गलबते बांधली जात असत, हे मुलांना पटवून देताना माझी नेहमी तारांबळ उडे. मुले पाण्याकडे पाहत, मग माझ्याकडे पाहत. खाडी कोणाच्या शब्दाने बांधलेली नसते.

तर कलकत्त्याच्या दक्षिणेस, सुंदरबनाच्या कडेला, मातला नावाच्या नदीवर दुसरे बंदर वसवावयाचे ठरले. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग ह्यांच्यावरून त्यास पोर्ट कॅनिंग म्हणू लागले. १८६२ साली तेथे नगरपालिका झाली. पुढच्याच वर्षी कलकत्त्याहून अठ्ठावीस मैलांची आगगाडी पोहोचली. फर्डिनंड शिलर नावाच्या व्यापाऱ्याने जमीन, भरणी आणि गोदी अशा तिन्ही कामांसाठी कंपनी उभी केली. कंपनी बंगालची, पण तिच्या शेअरांवर झडप घातली मुंबईने. हजार रुपयांच्या शेअरचा भाव त्याच्या कित्येक पटींनी चढला.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबई ते कलकत्ता सलग आगगाडी १८७० साली झाली. त्यापूर्वी तिकडे जावयाचे म्हणजे सिंहलद्वीपास वळसा घालून आगबोटीने, नाहीतर डाकेच्या गाडीने आठवडेच्या आठवडे. मातलेचा काठ प्रत्यक्ष पाहून शेअर घेतलेला मनुष्य मुंबईत शोधून सापडला असता तरी नवल. त्यांनी पाहिला तो नकाशा. नकाशावर आखलेले रस्ते चिखलात कधी रुतत नाहीत.

आणि मौज अशी की, त्या काठाचे भविष्य छापून ठेवलेले होते. हेन्री पिडिंग्टन नावाचा एक जुना दर्यावर्दी कलकत्त्यास राहत असे. बंगालच्या उपसागरातील वादळांचा त्याने आयुष्यभर अभ्यास केला. 'सायक्लोन' हा शब्दही त्याचाच. त्याने १८५३ साली लॉर्ड डलहौसी ह्यांना उद्देशून जाहीर पत्र प्रसिद्ध केले. त्याचा आशय असा की, मातलेवर गाव वसवाल तर एक दिवस वादळाबरोबर समुद्र चढून येईल आणि सारी वस्ती पाच ते पंधरा फूट खाऱ्या पाण्याखाली जाईल. पत्राकडे कोणी लक्ष दिले नाही. बरे, पत्र जुने म्हणून विसरले म्हणावे, तर ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्याच्या परिसरात भयंकर तुफान झाले. हुगळीतून आलेल्या लाटेने आणि वाऱ्याने सुमारे साठ हजार माणसे मेली. त्या तुफानाला वर्षही उलटले नव्हते, आणि मुंबईत त्याच मुलुखातील नदीकाठच्या जमिनीचे शेअर तेजीत होते.

पुढील भाग थोडक्यात सांगतो. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील दक्षिणेच्या सेनापतीने शस्त्र खाली ठेवले. कापूस कोसळला. वायद्याचे सारे सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करावयाचे होते. त्या दिवशी कोणाजवळच पैसा नव्हता. मुंबई बँकेचा जो शेअर तेजीत २,८५० रुपयांस पोहोचला होता तो ८७ रुपयांस विकावा लागला. प्रेमचंद रायचंदही बुडाले. त्यांच्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा आहे, तेवढी त्या वैभवाची खूण राहिली.

पोर्ट कॅनिंगला मात्र दोन मरणे आली. त्याचे शेअर १८६५ साली मुंबईत कागदावर मेले. तेव्हा मातलेवर काही वादळ नव्हते. गाव जागच्या जागी होते. मग १ नोव्हेंबर १८६७ रोजी ते वादळ आले. पुरुषभर उंचीची लाट गावातून गेली. स्टेशन, मालाच्या वखारी, हॉटेल सारे कोसळले. त्यानंतर थोड्याच वर्षांत सरकारने बंदर सोडून दिले. पिडिंग्टन १८५८ सालीच वारला होता.

रविवारी ताईच्या ओटीवर बसून मी भाच्याला हे सर्व सांगितले. मुलगा हुशार आहे, तो म्हणाला, "मामा, पण बॅक बे शेवटी भरलाच ना? आज मरीन ड्राइव्हला जागा घेऊन दाखवा."

प्रश्न रास्त होता, आणि तो मला आवडला. बॅक बे भरला खरा. पहिली कंपनी बुडाल्यावर कित्येक दशकांनी, १९२० नंतर, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या काळात सरकारने ते काम पुन्हा हाती घेतले. समुद्रात टाकलेली माती भिंतीतून पुन्हा समुद्रात जाऊ लागली. खुर्शेद नरिमन ह्यांनी त्यातील अनागोंदी उजेडात आणली. ११४५ एकरांचा बेत होता, त्यापैकी निम्मेही एकर तेव्हा हाती आले नाहीत. एवढे होऊन शेवटी जी जमीन झाली ती सोन्याच्या मोलाची झाली हे खरेच. परंतु १८६४ साली ज्याने पन्नास हजारांस शेअर घेतला त्याच्या नातवाससुद्धा त्या जमिनीवर उभे राहून आजोबांचे नाव घेता आले नसते. जमिनीला साठ-सत्तर वर्षे थांबता येते. हप्ता भरणाऱ्याला पुढच्या महिन्याची सातवी तारीख असते.

दुबईचे उदाहरण त्यानेच काढले. ते मी नाकारले नाही. तेथे २००६ च्या कायद्याने ठरावीक भागांत परदेशी माणसास पूर्ण मालकी मिळू लागली. २००७ साली खरेदीदारांचा पैसा स्वतंत्र खात्यात ठेवण्याचा कायदा झाला. ह्या चांगल्या गोष्टी आहेत. समुद्रात ताडाच्या आकाराचे जे बेट त्यांनी केले त्यावर लोक राहत आहेत. परंतु जगाच्या नकाशाच्या आकाराची सुमारे तीनशे बेटेही त्यांनी त्याच सुमारास केली, आणि त्यांतील बहुतेक कित्येक वर्षे नुसती वाळू होऊन पडली. २००८ च्या अखेरीस भाव उतरू लागले ते निम्म्याच्या आसपास आले. नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील सरकारी कंपनीने सावकारांकडे मुदत मागितली. भाव पुढे पुन्हा चढले. ज्यांना मधली वर्षे काढता आली त्यांचे भले झाले. आपल्या ताईला ती काढता येतील काय, एवढेच मी विचारले.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "कागद मी वकिलाकडून तपासून घेईन."

मी त्याला आपल्याच गावाची आठवण दिली. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीतील ६५ इमारती पाडण्याचा हुकूम दिला. महापालिकेच्या परवानग्या बनावट होत्या आणि त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविलेली होती. तेथे राहणाऱ्यांनी बँकेचे कर्ज काढून घरे घेतली होती. बँकेनेही कागद पाहिलेच असतील. ही गोष्ट आपल्या रिक्षाच्या अंतरावरची. समुद्रापलीकडचा कागद आपण कोणत्या चष्म्याने वाचावयाचा?

"बरे, ते राहू दे," मी म्हणालो. "तेथे राहणारा, आणि तुला काहीएक विकावयाचे नसलेला, असा एक तरी मनुष्य तू विचारला आहेस काय?"

विचारलेला नव्हता. परंतु त्याचा एक शाळासोबती त्याच शहरात नोकरीस आहे, हे त्यास आठवले. हा मुलगा माझाच विद्यार्थी. भूगोलात बरा, शुद्धलेखनात अगदी कच्चा. त्याने सुटीच्या दिवशी जाऊन पाहिले आणि आठ दिवसांनी सविस्तर कळविले. पुस्तिकेत जेथे दुसरी रांग दाखविली आहे तेथे अद्याप पाणी आहे. ताबा देण्याची तारीख एकदा पुढे गेलेली आहे. ताबा मिळाल्यावर रस्ते, बाग आणि बंधारा ह्यांच्या देखभालीचा आकार दरवर्षी भरावा लागेल, घर बांधा अथवा न बांधा. तो आकार रुपयांत मांडला तेव्हा ताईच्या शेताच्या खंडाहून तो मोठा निघाला. त्याने हे घ्या किंवा घेऊ नका, असे काहीही लिहिले नव्हते.

भाच्याने शेत विकले नाही. जमीन घेण्याची हौस त्याने सोडली आहे असे मात्र मी म्हणणार नाही; पुढे स्वतःच्या पगारातून शिल्लक टाकीन, आणि एकदा जाऊन पाहून येईन, असे तो म्हणतो. ती त्याची इच्छा.

त्या दिवशी ताई आमचे सारे बोलणे तांदूळ निवडीत ऐकत होती. शेवटी तिने मला एकच विचारले, "दादा, त्या मातलेच्या जमिनीचे पुढे काय झाले रे?"

मी सांगितले की, कॅनिंगचे स्टेशन आहे. तेथून कलकत्त्यास कामाला जाणाऱ्या बाया आणि मासळीच्या टोपल्या पहाटेच्या गाडीने जातात. बंदर झाले नाही. कंपनी नव्या नावाने उभी राहिली, आणि तिने सुंदरबनातील आपल्या जमिनी कुळांना भातशेतीसाठी लावून दिल्या. पुढे कित्येक वर्षे ती त्या खंडावरच चालली.

"म्हणजे तेथेही शेवटी भातच की," ताई म्हणाली, आणि सूप खाली ठेवून पाने मांडावयास उठली.