एका घरात एक अक्षर: मराठी शब्दकोड्याची रचना

'मालेगाव' हे नाव कोड्यात बसवायचे तर रोमन लिपीत आठ घरे लागतात, उर्दूतही आठच. देवनागरीत चार पुरतात: मा, ले, गा, व. मोसम-गिरणेच्या संगमावरच्या या गावात मराठी आणि उर्दू दोन्ही रोजच्या वाचनातल्या, त्यामुळे हा फरक इथे चटकन ध्यानात येतो. शब्दकोड्याची सारी रचना याच प्रश्नावर उभी आहे: एका घरात काय मावते? इंग्रजी-उर्दूत सुटा वर्ण. मराठीत मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसह अख्खे अक्षर.

आर्थर विन यांचे कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आले. आधुनिक शब्दकोड्याचा आरंभ तिथून धरतात. विन यांच्या हाताशी २६ अक्षरे होती. इतक्या थोड्या अक्षरांत आडवा शब्द उभ्याला वारंवार भेटतो, म्हणून अमेरिकी कोड्यात प्रत्येक अक्षर दोन्ही शब्दांत लागते आणि दोन अक्षरी शब्द चालत नाहीत. आपल्याकडे ३४ व्यंजनांची नुसती बाराखडीच ४०८ अक्षरांची होते. जोडाक्षरे आणखी वेगळी. साहजिकच आपल्या चौकटीत काळी घरे जास्त, आणि दोन-तीन अक्षरी शब्द हाच तिचा कणा. याला रचनाकाराचा आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

खरी अडचण जागेची असते. 'गिरणा' पहिल्या ओळीत ठेवून पाहा. 'गि'खाली गिधाड, 'र'खाली रजनी उतरते. 'णा'खाली काहीच सुरू होत नाही, कारण मराठी शब्द ण किंवा ळ ने सुरू होत नाही. तिथे काळे घर द्यावेच लागते. तोच शब्द तळाच्या ओळीत नेला, तर वरून वीणा किंवा करुणा त्याच 'णा'वर येऊन थांबते. 'महाराष्ट्र'मधला 'ष्ट्र' याहून हट्टी. त्याला छेद देणारे शब्द फारच थोडे.

शुद्धलेखनाचाही इथे थेट संबंध येतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी 'कवि'चा 'कवी' झाला. पूर्वी त्या शेवटच्या घरातून विचार, विमान, विहीर, विनय असे कितीतरी शब्द खाली सोडता येत. आता वीज, वीट, वीर, वीणा आणि असेच मोजके. ऱ्हस्व 'वि' शब्दाच्या आरंभी मुबलक, पण नामाच्या अंती त्याला जागा उरली नाही.

खग, नभ, नयन, वदन, सदन, कनक हे रोजच्या बोलण्यात सहसा न येणारे शब्द कोड्यात टिकून आहेत, कारण त्यांच्या अक्षरांना मात्रा नाही. 'सदन'मधला शेवटचा न आपण तोडून उच्चारतो, 'नभ'मधला पहिला पूर्ण उच्चारतो. लिपी मात्र दोन्ही न सारखेच लिहिते. उच्चारातला भेद लिपी झाकते आणि त्या झाकण्यावर कोडे उभे राहते. ण-ळ सोडले तर असे बिनमात्रेचे अक्षर आरंभी, मध्ये, अंती कुठेही चालते. हा संस्कृतचा सोस नाही. आडव्या-उभ्याची ती गरज आहे.

तरीही मला वाटते, या गरजेच्या नावाखाली बोलीतल्या शब्दांना फार सहज बाहेर ठेवले जाते. यंत्रमागांच्या या गावात सूत, माग, कांडी हे रोजचे शब्द आहेत, आणि ते चौकटीत छान बसतात. प्रमाण कोशात 'ताणा' सापडतो, मागावर 'ताना' ऐकू येतो. मालेगावच्या वाचकासाठी कोडे रचणाऱ्याने 'ताना' बिनदिक्कत घ्यावा आणि सूचनेत 'मागावरचा उभा धागा, बोलीतला उच्चार' असे स्पष्ट लिहावे. 'णा'खाली काळे घर पडले असते. 'ना'खाली नाव, नाडी, नारळ यांपैकी कोणताही शब्द सुरू करता येतो.