हप्त्याने घ्यावं की साठवून? महाड-पोलादपूरच्या उधारीचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर काहींनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानमालेत व्हिडिओ गेमचं काय काम? महाड म्हटलं की चवदार तळं यावं, रायगड यावा. बरोबर आहे. पण आज आम्ही ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत ती पोलादपूरच्या एखाद्या घरात रात्रीच्या जेवणावर भांडण म्हणून चालू असेल. मुलगा म्हणतो, प्लेस्टेशन हप्त्यावर घेऊ. वडील म्हणतात, आधी पैसे साठव, मग घे. प्लेस्टेशन 5 भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये आलं तेव्हा किंमत होती 49,990 रुपये. वर नवा मोठा गेम 4,999 चा. रक्कम लहान नाही, तेव्हा भांडणही लहान नाही.

वडिलांना वाटतं हप्ता हे अलीकडचं फॅड आहे. मुलाला वाटतं साठवणं ही जुन्या लोकांची रीत. इतिहास बघितला तर दोघांचंही खरं नाही.

हप्ता हा शब्द फारसी, मूळ अर्थ आठवडा. आपल्या जुन्या महसुली भाषेत 'हप्तेबंदी' आहे, म्हणजे सारा किंवा देणं कोणत्या मुदतीला किती भरायचं ते बांधून देणं. (पुढे याच शब्दाला गुंडाला द्यायच्या पैशाचा अर्थ चिकटला, तो भाग आज सोडून देऊ.) म्हणजे हप्ता आधी सरकारला देण्यासाठी होता. वस्तू विकत घेण्यासाठी तो फार उशिरा आला.

मग इथला शेतकरी वस्तू कशी घ्यायचा? बहुतेक वेळा घ्यायचाच नाही. भाताचं एक पीक, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, त्यात खोताचा वाटा. पावसाळ्यात घरातला दाणा संपला की वाढीदिढीने धान्य उचलायचं: एक मण आणलं तर सुगीला दीड मण परत. आषाढातलं देणं कार्तिकात फेडायचं, म्हणजे चार-पाच महिन्यांत पन्नास टक्के वाढ. आणि तारण काय, तर येणारं पीक, नाहीतर जमीन. साठवायला मुळात शिल्लकच नव्हती. पूर्वीचे लोक साठवून घ्यायचे असं आपण सहज म्हणतो, तेव्हा ते कोणते लोक, हे विचारायला हवं. आमच्या मते ते बहुतेक महिन्याचा ठरलेला पगार असलेले लोक होते.

तो पगार महाड-पोलादपूरच्या घरांत आला मुंबईहून. गिरणीत, गोदीत, नाहीतर कुणाच्या घरी कामाला लागलेला चाकरमानी दर महिन्याला मनीऑर्डर धाडायचा. पोस्टाने मनीऑर्डर 1880 मध्ये सुरू केली आणि बचत बँक 1882 मध्ये. पण पगार आला म्हणून कर्ज गेलं नाही. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगाने 1931 च्या अहवालात लिहिलं की बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कामगार कुटुंबं कर्जात आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. दर किती? रुपयामागे महिन्याला एक आणा हा दर सर्रास चालायचा. हिशेब करा, वर्षाला 75 टक्के. पगाराच्या दिवशी पठाण सावकार गिरणीच्या दारात उभा असायचा. इथे तारण बदललं हे लक्षात घ्या. आता जमीन नाही, माणसाचा पुढचा पगार तारण.

वस्तूच तारण ठेवायची युक्ती आणली शिलाई मशीनने. अमेरिकेत सिंगर कंपनीने 1850 च्या दशकातच मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली आणि पुढे ती पद्धत आपल्याकडेही आली. कायद्याच्या भाषेत भाडेखरेदी. शेवटचा हप्ता भरेपर्यंत मशीन कंपनीचं, तुम्ही फक्त भाडेकरू. हप्ता चुकला की मशीन उचलून नेणार. पण मशीन स्वतःचा हप्ता स्वतः कमावतं. शिंप्याने चार झंपर जास्त शिवले की झालं. गेम असं काही कमावत नाही. दुसरा फरक आम्हाला याहून मोठा वाटतो. जमीन आणि सोनं थांबलं की महाग होतं, म्हणून तिथे कर्ज काढून लवकर घेण्यात अर्थ असतो. गेम थांबलं की बहुधा स्वस्त होतो. वर्ष-दीड वर्षात तोच गेम सेलमध्ये अर्ध्या किमतीत दिसतो. इथे थांबणाऱ्याचा फायदा आहे.

आता भिशीकडे येऊ. वडील आणि मुलगा ज्या गोष्टीवर भांडताहेत ती भिशीने कधीच मिटवलेली आहे. दहा जण जमले, प्रत्येकाने महिन्याला 5,000 काढले, 50,000 झाले. म्हणजे त्या प्लेस्टेशनची किंमत, वर दहा रुपये चहाला. चिठ्ठी टाकायची, नाव निघेल त्याला सगळी रक्कम. ज्याला पहिल्या महिन्यात लागली त्याने वस्तू आज घेतली आणि उरलेले नऊ महिने हप्ते फेडले. ज्याला शेवटी लागली त्याने दहा महिने साठवून घेतली. दोघांनी भरले तेवढेच, व्याज कुणालाच नाही. (लिलावाची भिशी असते तिथे घाईवाला रक्कम सोडतो, ती बाकीच्यांत वाटली जाते. ते व्याजच, पण ते आपल्यातच राहतं.) मुंबईत गावमंडळाच्या खोलीत राहणाऱ्या आमच्याकडच्या माणसांना असे व्यवहार नवे नव्हते. खोलीचं भाडं सगळ्यांनी मिळून, गावच्या देवळाची वर्गणी सगळ्यांनी मिळून, तसंच हे.

भिशीत तारण काय? ओळख. पहिली भिशी उचलून पसार झाला तर गावात तोंड दाखवता येणार नाही, एवढंच. त्यामुळे भिशी बुडतेही, आणि बुडते तेव्हा पैशाबरोबर नातीही बुडतात. तिचं गुणगान करायला आम्ही इथे आलेलो नाही.

आजच्या मोबाइलच्या दुकानातला हप्ता ओळख मागत नाही. आधार, पॅन, बँक खातं आणि सिबिलचा आकडा, दहा मिनिटांत काम. वर पाटी असते, 'शून्य टक्के व्याज'. यावर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना स्पष्ट सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. ते व्याज प्रक्रिया शुल्कात नाहीतर किमतीत लपवलेलं असतं. त्यानंतर नाव बदललं, 'नो कॉस्ट' झालं. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती व्याजापोटी वळती होते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारावा: रोख दिले तर किती कमी करता?

आणि यात तारण आहे पुढचा पगार, म्हणजे आपण पुन्हा गिरणीच्या दारात येऊन उभे राहिलो. हा पगार किती पक्का असतो हे या दोन तालुक्यांइतकं कुणाला माहीत असेल? 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांचा पगार परत कधी सुरूच झाला नाही. माणसं गावी आली, मनीऑर्डर थांबली. आज महाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागलेल्या मुलाला उद्या काम असेल का हे त्यालाही सांगता येत नाही, पण हप्ता त्याने बारा महिन्यांचा घेतलेला असतो.

त्यात पाऊस. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं. तळीये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली. माणसं गेली तिथे वस्तूंचं बोलू नये. पण ज्यांची माणसं वाचली त्यांनीही पाणी ओसरल्यावर चिखलात बुडालेले टीव्ही, फ्रिज, मिक्सर रस्त्यावर आणून टाकले. वस्तू साठवलेल्या पैशाची असली तर ती गेली, विषय संपला. हप्त्यावरची असली तर ती जाऊनही तिचे हप्ते राहतात. रक्कम ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप वळती होते, आणि खात्यात पैसे नसले तर वर दंड. त्या महिन्यात भिशीवाल्यांना निदान बसून ठरवता येतं की चिठ्ठी टाकायची नाही, ज्याचं घर बुडालं त्याला या खेपेची रक्कम द्यायची.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत हात वर आहे, तिथून सुरुवात करू.