एका जॅकवर टायरची अदलाबदल

मोटारीचे चारही टायर एकाच दिवशी बसवले, तरी ते एकाच वेगाने झिजत नाहीत. मारुती ८०० ही १९८३ मध्ये रस्त्यावर आली, तेव्हापासून भारतीय शहरांत पुढील चाकांना इंजिनाची शक्ती पुरवणाऱ्या गाड्यांचे प्रमाण वाढत गेले. अशा गाड्यांत इंजिनाचे वजन, ओढण्याचे काम, वळणे आणि ब्रेकचा मोठा भार पुढील दोन टायरवरच पडतो. मागील टायर धडधाकट असताना पुढचे गुळगुळीत होतात आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर गाडी घसरण्याचा धोका वाढतो. म्हणूनच साधारणपणे दर आठ ते दहा हजार किलोमीटरनंतर टायरच्या जागा बदलणे हितावह ठरते. हे काम घरच्या घरी करता येते. मात्र त्यात हयगय झाल्यास ती जिवावर बेतू शकते.

आधी पाहणी

मधला भाग अधिक झिजला असल्यास हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असल्यास हवा कमी आणि एकच कड झिजली असल्यास अलाइनमेंट बिघडलेले असण्याची शक्यता असते. मूळ दोष दूर न करता जागा बदलल्यास दुसरा टायरही तसाच खराब होतो. नक्षीच्या खोबणीतील उंचवटे टायरच्या पृष्ठभागाच्या पातळीला आले, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, असे समजावे. असा टायर मागे हलवू नये, बदलावा.

कोणते चाक कोठे?

पुढील चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर त्याच बाजूने सरळ मागे जातात आणि मागचे टायर बाजू बदलून पुढे येतात. मागील चाकांवर चालणाऱ्या गाडीत याच्या उलट, म्हणजे मागचे सरळ पुढे व पुढचे बाजू बदलून मागे. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असल्यास बाजू बदलू नये. पुढील व मागील टायर वेगवेगळ्या मापांचे असल्यास त्यांची अदलाबदल करता येत नाही.

स्टेपनीची मदत

एकच जॅक असला, तरी स्टेपनीच्या साह्याने हे काम होते. पुढील चाकांवर चालणाऱ्या गाडीचा क्रम असा :

१. पुढील डावे चाक काढून तेथे स्टेपनी लावावी.
२. मागील डावे चाक काढून तेथे पुढील डावे बसवावे.
३. पुढील उजवे काढून तेथे मागील डावे बसवावे.
४. मागील उजवे काढून तेथे पुढील उजवे बसवावे.
५. शेवटी स्टेपनी काढून तेथे मागील उजवे बसवावे.

ज्या गाड्यांत स्टेपनीच नसते, त्यांच्या मालकांनी हे काम गॅरेजमध्येच करून घ्यावे.

सावधगिरी

जागा सपाट व टणक असावी. सोसायटीच्या तळघराचा उतार किंवा उन्हाने मऊ झालेले डांबर टाळावे. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी. परंतु तेवढ्यावर विसंबू नये. पुढील चाकांवर चालणाऱ्या गाडीचे पुढचे एक चाक उचलले, की गिअरचा अटकाव राहत नाही. मागचे उचलले, की हँडब्रेकची पकड एकाच चाकापुरती उरते. त्यामुळे उचलायच्या चाकाच्या तिरप्या कोपऱ्यातील चाकाला पुढून व मागून लाकडी ठोकळे लावणे अत्यावश्यक आहे.

नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत. जॅक गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. जॅक निसटला, तर गाडी त्यावर टेकते. जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

नट आधी हाताने फिरवून बसवावेत, चाक जमिनीला टेकल्यावर समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. त्यांना तेल वा ग्रीस लावू नये. पान्यावर उभे राहून जोर दिल्यास नटाचे आटे खराब होतात. पुस्तिकेतील मापानुसार टॉर्क पान्याने आवळणे उत्तम.

काम संपल्यावर

पुढील व मागील चाकांतील हवेचा दाब अनेकदा वेगळा असतो. त्यामुळे चालकाच्या दाराजवळील तक्त्यानुसार तो पुन्हा जुळवून घ्यावा. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व नट पुन्हा तपासावेत. सुरुवातीला सैल झालेला नट चटकन जाणवत नाही आणि तो महामार्गावर निखळला, तर सावरायला वेळ मिळत नाही. तारीख व किलोमीटरची नोंद ठेवल्यास पुढील खेपेचा हिशेब सोपा होतो.