सुपरकपॅसिटरमधला ऑक्सिजन: मदतनीस की खोडकर?

'५ मिनिटांत फोन फुल चार्ज!' अशा थंबनेलचे सुपरकपॅसिटरवरचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. हे यंत्र खोटं नाही. २०१८ साली आलेल्या सॅमसंग गॅलॅक्सी नोट ९ च्या एस पेनमध्ये सुपरकपॅसिटरच होता. पेन फोनमध्ये खोचलं की ४० सेकंदांत चार्ज व्हायचं. मग अख्खा फोन त्यावर का चालत नाही? हे समजून घेण्यासाठी कार्बनच्या पृष्ठभागावर काय घडतं ते पाहू.

सुपरकपॅसिटर चालतो कसा?

फोनच्या बॅटरीत लिथियमचे आयन इलेक्ट्रोडच्या आत शिरतात, त्याला वेळ लागतो. सुपरकपॅसिटरमध्ये दोन सच्छिद्र कार्बनचे इलेक्ट्रोड आणि मध्ये इलेक्ट्रोलाइट असतो. चार्ज केलं की आयन कार्बनच्या पृष्ठभागाला फक्त खेटून उभे राहतात. म्हणून काम सेकंदांत होतं आणि लाखो वेळा चार्ज करूनही तो टिकतो.

पण सगळी साठवण पृष्ठभागावरच, म्हणून पृष्ठभाग प्रचंड हवा. इथे कामाला येतो ॲक्टिव्हेटेड कार्बन, जो बऱ्याचदा नारळाच्या करवंटीपासून बनवतात. त्याच्या फक्त १ ग्रॅम पावडरीत १,५०० ते २,००० चौरस मीटर पृष्ठभाग असू शकतो. म्हणजे कबड्डीची ११ ते १५ मैदानं! सच्छिद्र कार्बन वापरून वीज साठवण्याचं पेटंट जनरल इलेक्ट्रिकच्या हॉवर्ड बेकर यांना १९५७ मध्येच मिळालं होतं.

यात ऑक्सिजन येतो कुठून?

हा कार्बन म्हणजे वेडेवाकडे रचलेले अतिपातळ थर. थरांच्या कडेच्या अणूंचे बंध अपुरे राहतात. कार्बन बनवताना वाफ, हवा किंवा रसायनांमधला ऑक्सिजन तिथे जोडला जातो. त्याचे मुख्य प्रकार असे:

- कार्बॉक्सिल: आम्लधर्मी गट
- फिनॉल: ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी
- क्विनोन: कार्बनशी दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन

फायदा काय?

पहिला फायदा भिजण्याचा. निव्वळ कार्बनला पाणी फारसं चिकटत नाही, अळवाच्या पानावर थेंब घरंगळतो तसंच काहीसं. ऑक्सिजनचे गट पाण्याला ओढून घेतात. त्यामुळे पाण्यात बनवलेला इलेक्ट्रोलाइट २ नॅनोमीटरपेक्षाही बारीक छिद्रांत पोहोचतो.

दुसरा फायदा जादा साठवणीचा. सल्फ्युरिक ॲसिडसारख्या इलेक्ट्रोलाइटमध्ये क्विनोन गट एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन घेतो, आणि डिस्चार्ज होताना परत देतो. ही छोटीशी रासायनिक क्रिया असल्यामुळे नेहमीच्या साठवणीवर थोडी बोनस साठवण मिळते. तिला स्यूडोकपॅसिटन्स म्हणतात.

मग अडचण कुठे आहे?

पाण्याचं विघटन सैद्धांतिकदृष्ट्या १.२३ व्होल्टलाच सुरू होऊ शकतं. म्हणून बाजारातले बहुतेक सुपरकपॅसिटर सेंद्रिय इलेक्ट्रोलाइट वापरतात आणि साधारण २.७ व्होल्टवर चालतात. तिथे हेच ऑक्सिजनचे गट त्रास देतात. जास्त व्होल्टेजला ते इलेक्ट्रोलाइटशी क्रिया करतात, गॅस तयार होतो, अंतर्गत रोध वाढतो आणि ठेवल्या ठेवल्या चार्ज उतरतो. ऑक्सिजनला चिकटून राहिलेलं पाणी आणखी भर घालतं.

व्होल्टेजसाठी एवढा अट्टाहास का? कारण ऊर्जा ही क्षमतेच्या निम्मी गुणिले व्होल्टेजचा वर्ग एवढी असते. हिशोब करून बघा:

- २०० फॅरड, १ व्होल्ट: १०० ज्यूल
- १०० फॅरड, २.७ व्होल्ट: सुमारे ३६५ ज्यूल

क्षमता निम्मी, तरी ऊर्जा साडेतीन पटींहून जास्त!

उपाय काय करतात?

कार्बन ऑक्सिजनविरहित वातावरणात तापवतात. कार्बॉक्सिल गट तुलनेने कमी तापमानाला कार्बन डायऑक्साइड बनून निघून जातात. फिनॉल आणि क्विनोन जास्त चिवट. ते साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात सुटतात. कोणत्या तापमानाला कोणता वायू किती निघाला, हे मोजलं की कार्बनवर कोणते गट होते तेही कळतं. म्हणजे एकाच तापवण्यात साफसफाईही आणि तपासणीही.

तुमच्या फोनचं काय?

५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा असते. नेहमीचा सुपरकपॅसिटर किलोला ५ ते १० वॉट-तास देतो. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेसाठी खिशात २ ते ४ किलो वजन घेऊन फिरावं लागेल! पेनला थोडीच ऊर्जा लागते, म्हणून तिथे जमलं.

पुढच्या वेळी 'क्षमता दुप्पट झाली' असा दावा दिसला, तर शेअर करण्याआधी तीन गोष्टी शोधा: चाचणी किती व्होल्टवर केली, इलेक्ट्रोलाइट कोणता होता, आणि हजारो वेळा चार्ज केल्यावर किती क्षमता उरली. ॲसिडमध्ये १ व्होल्टला मिळालेला मोठा आकडा कदाचित ऑक्सिजनच्या बोनसचा असेल. तो आकडा खरा असला, तरी तेवढ्यावर तुमचा फोन ५ मिनिटांत चार्ज होणार नाही.